फुलांचा शिरका

फुलांचा शिरका म्हणजे तयार शिरक्यात खाण्यायोग्य फुलांच्या पाकळ्या किंवा कळ्या भिजवून, त्यांचा गंध व रंग उतरवून घेतलेला आंबट द्रव होय. उन्हाळ्यातील जेवणात कोशिंबीर, कच्चा कांदा, काकडी आणि सरबते यांना आंबटपणा व सुवास देण्यासाठी तो वापरतात. या पदार्थाला नाव फुलावरून मिळाले असले, तरी तो टिकतो तो शिरक्यातील असेटिक आम्लामुळे. त्यामुळे कृतीत फुलांच्या प्रमाणाइतकेच, त्या फुलांबरोबर बरणीत किती पाणी जाते याकडेही लक्ष द्यावे लागते.

नाव

मराठीतील 'शिरका' हा शब्द फारसी 'सिर्का' या शब्दावरून आला आहे. उन्हाळ्यातील 'शिकंजी' या पेयाच्या नावातही तोच दडलेला आहे: इराणात सिर्का आणि मध ('अंगबीन') यांच्या पाकाला 'सिकंजबीन' म्हणत. आपल्याकडे येताना त्यातील सिर्का गेला आणि लिंबू आले. नाव मात्र राहिले. 'व्हिनेगर' हा शब्द फ्रेंच भाषेतील 'आंबट वाईन' या अर्थाच्या शब्दजोडीतून निघाला आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत 'शुक्त' व 'कांजी' या आंबवून केलेल्या आम्ल द्रवांचा निर्देश आढळतो.

'फुलांचा शिरका' या शब्दांचे दोन अर्थ संभवतात. मोहाच्या फुलांत भरपूर साखर असते व ती आंबवून शिरका करता येतो; तेथे फूल हाच कच्चा माल असतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. येथे शिरका आधीच तयार असतो आणि फूल त्यात केवळ मुरवले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पारंपरिक स्वयंपाकात आंबटपणासाठी चिंच, आमसूल, कैरी, लिंबू व ताक यांचा वापर होत आला आहे. शिरक्याचे स्थान गौण आहे. शेजारच्या गोव्यात मात्र माडाच्या सुरेपासून केलेला शिरका ख्रिस्ती स्वयंपाकाचा आधार आहे. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या व्यवसायाशी तो जोडलेला आहे. विंदालू या पदार्थाचे नावही वाईन आणि लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले आहे; गोव्यात वाईनची जागा माडाच्या शिरक्याने घेतली.

फुले खाणे मात्र मराठी घराला नवीन नाही. शेवग्याच्या व हादग्याच्या फुलांची भाजी, केळफूल, गुलकंद, गुढीपाडव्याचा कडुनिंबाचा फुलोरा आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याच्या जुडीबरोबर टाकलेली मोगऱ्याची फुले, ही सर्व परिचयाची उदाहरणे आहेत. माठातल्या पाण्याला मोगऱ्याचा वास लावणे आणि शिरक्याला तो लावणे यांत तत्त्वतः फरक नाही. पाणी त्याच दिवशी संपवावे लागते, शिरका महिनोन् महिने राहतो, इतकेच.

कोल्हापूर आणि उसाचा शिरका

कोल्हापूर परिसरात शिरक्याचा सर्वांत सहज मिळणारा कच्चा माल म्हणजे ऊस. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गुऱ्हाळे चालू असतात. त्या काळात चरकातून उतरलेला ताजा रस किंवा काहिलीतील काकवी मिळू शकते. रसवंतीवरील रस मात्र या कामी निरुपयोगी आहे, कारण त्यात बर्फ, लिंबू आणि बहुधा मीठही असते.

ऊस ते शिरका हा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात किण्व म्हणजे यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. यासाठी हवा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात असेटोबॅक्टर गटातील जिवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या मद्यार्कापासून असेटिक आम्ल तयार करतात. हे काम सूक्ष्मजीव करतात, याचे विवेचन लुई पाश्चर यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालतात, ती पहिल्या टप्प्याला चालना देण्यासाठी. त्या फुलांवर किण्व नैसर्गिकरीत्याच असते. धायटी ही सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र आढळणारी, लाल फुलांची झुडूपवजा वनस्पती आहे.

रस वस्त्रगाळ करून स्वच्छ बरणीत तीन चतुर्थांश भरतात व तोंडावर दादरा बांधतात. काकवी वापरायची झाल्यास एका भागास सुमारे चार भाग पाणी घालून ती पातळ करतात. आठवडा-दहा दिवसांत बुडबुडे थांबले, की वरचा नितळ द्रव दुसऱ्या रुंद तोंडाच्या बरणीत काढून त्यात पाव हिस्सा जुना, न उकळलेला शिरका विरजणासारखा घालतात. पुन्हा दादरा बांधून ही बरणी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या अंधाऱ्या जागी ठेवतात. पृष्ठभागावर सायीसारखा थर धरतो. तो जिवाणूंचाच असून निरुपद्रवी असतो. एक ते दोन महिन्यांत मद्याचा वास जाऊन स्वच्छ आंबट वास येतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली बरणी ठेवल्यास जिवाणूंना उष्णता सोसत नाही. घरातील थंड कोपरा बरा.

शिरका तयार झाल्यावर तो तसाच उघडा ठेवणे ही हमखास होणारी चूक आहे. मद्यार्क संपला, की हेच जिवाणू असेटिक आम्लाचेही विघटन करून त्याचे पाणी व कर्बवायू बनवू लागतात आणि शिरका दिवसेंदिवस मवाळ होतो. म्हणून तो गाळून, बाटली काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून ठेवावा लागतो.

आम्लतेचा हिशेब

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार शिरक्यात असेटिक आम्लाचे प्रमाण किमान ३.७५ टक्के असावे लागते. दुकानातील स्वस्त पांढरा शिरका पुष्कळदा आंबवून केलेला नसतो, तर असेटिक आम्लात पाणी घालून केलेला असतो. तसे लेबलवर 'सिंथेटिक' या शब्दाने लिहिणे बंधनकारक आहे. तो आंबट असतो, पण त्याला स्वतःची चव नसते. फुलांसाठी उसाचा, तांदळाचा किंवा सफरचंदाचा, ५ टक्के आम्लतेचा शिरका अधिक चांगला.

ताज्या पाकळ्यांच्या वजनाचा फार मोठा भाग पाण्याचा असतो. तो ८५ टक्के धरला, तर अर्धा लिटर शिरक्यात १०० ग्रॅम पाकळ्या घातल्याने त्यात ८५ मिलिलिटर पाणी मिसळते. मूळ शिरका ५ टक्क्यांचा असेल, तर तो सुमारे ४.३ टक्क्यांवर येतो. ४ टक्क्यांचा असेल, तर ३.४ टक्क्यांवर, म्हणजे नियमातील किमान मर्यादेच्याही खाली. असा शिरका लगेच विषारी होतो असे नाही. परंतु त्याची टिकण्याची शक्ती कमी होते, वर तरंगणाऱ्या पाकळ्यांवर बुरशी येते, आणि त्यात लसूण किंवा भाज्या मुरवून ठेवण्याइतका तो भरवशाचा राहत नाही. पाकळ्या एक रात्र सावलीत पसरून कोमेजू देण्याची रीत म्हणूनच सोडू नये.

घरी केलेल्या शिरक्याची आम्लता जिभेवरून ठरवता येत नाही. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र ती सहज मोजता येते. १ मिलिलिटर शिरका पाण्यात मिसळून, फिनॉल्फ्थॅलिन दर्शक घालून, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने त्याचे अनुमापन करावे. फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर लागतील त्यांना ०.६ ने गुणले, की टक्केवारी मिळते. ५ टक्क्यांच्या शिरक्यास सुमारे ८.३ मिलिलिटर लागतात, ३.७५ टक्क्यांच्या शिरक्यास ६.२५. हे मोजमाप फुले घालण्यापूर्वीच करावे लागते. जास्वंदीचे रंगद्रव्य स्वतःच आम्लात लाल व अल्कलीत हिरवे होत असल्याने नंतर दर्शकाचा गुलाबी रंग ओळखू येत नाही.

फुलांची निवड

गंधासाठी देशी गुलाब व मोगरा, तर रंगासाठी जास्वंद, गोकर्ण व लाल अंबाडी ही फुले सोयीची आहेत. गुलकंदासाठी वापरला जाणारा सुवासिक गुलाब सकाळी ऊन चढण्यापूर्वी तोडावा. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट असल्याने खुडून टाकतात. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी, उमलण्याच्या बेतात असताना घेतात. लाल जास्वंदीचे हिरवे देठ व मधला दांडा काढून फक्त पाकळ्या वापरतात. त्या बुळबुळीत असल्यामुळे फार दिवस ठेवल्यास शिरका दाट होतो. गोकर्णाची निळी पाकळी शिरक्यात जांभळी होते, आणि मुलांना दाखवण्यासारखे यात तेवढेच आहे; चव जवळजवळ नसते. गोकर्णाचे बी व मूळ रेचक असल्याने ते त्यात जाऊ देऊ नये. लाल अंबाडीचा जो भाग वापरतात तो खरे पाहता पाकळी नसून फुलाखालचा मांसल पुष्पकोश आहे. तो हिवाळ्यात मिळतो व वाळवून उन्हाळ्यापर्यंत ठेवता येतो. वाळलेला असल्याने तो शिरक्यात पाणी सोडत नाही, आणि स्वतःही आंबट असतो. नवशिक्याने सुरुवात करावी ती यानेच.

दिसायला सुंदर व पूजेत वापरले जाणारे प्रत्येक फूल खाण्याचे नसते, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोत्रा, रुई, कळलावी व सदाफुली या विषारी वनस्पती आहेत. कण्हेर व बिट्टी यांतील विष हृदयावर परिणाम करते आणि शिरक्याच्या आम्लाने ते नाहीसे होत नाही. दुहेरी पाकळ्यांची तगर घाईत मोगऱ्यासारखी भासते. मोगऱ्याचा परिचित वास व तगरीच्या देठातून येणारा पांढरा चीक ही त्यांना ओळखण्याची खूण आहे. फुलबाजारातील हारांची फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात व त्यांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते, जी धुण्याने पुरती जात नाही. घरच्या कुंडीतले किंवा खात्रीच्या परसातले फूलच घ्यावे.

कृती

काचेची बरणी धुऊन, दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून पूर्ण कोरडी करतात. कोमेजलेल्या पाकळ्या एक वाटी, न दाबता भरून, दोन वाट्या शिरक्यास पुरतात. वाळलेल्या असल्यास पाव वाटी. अंबाडी किंवा जास्वंद असेल, तर शिरका उकळी न आणता चांगला गरम करून ओततात. गुलाब व मोगऱ्याचा गंध उष्णतेने उडतो, म्हणून त्यांच्यावर शिरका थंडच घालावा. पाकळ्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. पितळ, तांबे व अॅल्युमिनियमची भांडी आणि पत्र्याची झाकणे टाळावीत. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात कळकतो, तोच प्रकार येथे अधिक वेगाने होतो.

जास्वंदीचा रंग दोन-तीन दिवसांत उतरतो. गुलाबाला आठ-दहा दिवस लागतात. मोगऱ्याच्या कळ्या दोन दिवसांनी काळवंडतात, तेव्हा त्या काढून नव्या घालाव्यात. असे दोनदा केल्यास वास पुरेसा येतो. अधिक वेळा केल्यास वर सांगितलेला पाण्याचा हिशेब आड येतो. शेवटी मलमलीतून गाळून पाकळ्या टाकून देतात. शोभेसाठी त्या बाटलीत ठेवण्याची पद्धत छायाचित्रापुरती ठीक आहे, साठवणीसाठी नाही.

वापर व साठवण

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटात कांद्यावर लिंबू पिळतात, तेथे उभा चिरलेला कांदा अर्धा तास जास्वंदीच्या शिरक्यात चिमूटभर मीठ व साखर घालून ठेवता येतो. तो गुलाबी होतो व त्याचा उग्रपणा कमी होतो. काकडीच्या किंवा कोबीच्या कोशिंबिरीस एक ते दोन चमचे पुरतात. फोडणी द्यायची असल्यास ती निवल्यावर शिरका घालावा, नाहीतर वास उडून जातो. सरबतासाठी एक वाटी साखरेचा अर्धी वाटी पाण्यात पाक करून, तो निवल्यावर पाव वाटी गुलाबाचा शिरका मिसळतात. पेलाभर थंड पाण्यास दोन मोठे चमचे घालावेत.

शिरका पाण्यात न मिसळता पिऊ नये. त्याने दातांच्या आवरणाची झीज होते व घशाला इजा होऊ शकते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तो बेतानेच घ्यावा.

गाळलेला शिरका अंधाऱ्या, थंड जागी दोन ते तीन महिने व फ्रिजमध्ये सहा ते आठ महिने चांगला राहतो. उजेडात ठेवल्यास प्रथम रंग जातो. जास्वंदीचा लाल रंग विटकरी होत जातो, चव मात्र काही काळ टिकते. तळाशी बसलेला साका निरुपद्रवी असतो. बुरशी, फेस किंवा कुजका वास आढळल्यास मात्र वरचा भाग काढून उरलेला न वापरता संपूर्ण बाटली ओतून द्यावी.