अंगणाला फरशी घालताना

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घराची कामं निघतात. आमच्या गटांच्या बैठकीत सध्या कर्जमागणीच्या अर्जावर ‘अंगणाला फरशी’ हे कारण वरचेवर दिसतंय. म्हणून आज त्याबद्दल बोलूया.

आधी एक झालेली गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंनी 40,000 रुपये कर्ज घेतलं आणि अंगणाला पॉलिश केलेला कोटा बसवला. तोंड दिसेल इतका गुळगुळीत. दिवाळीत त्यावर रांगोळी काय खुलून दिसली म्हणून सांगू! पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या सासूबाई पहाटे शेळ्यांना पाला टाकायला उठल्या, पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. कर्जाचे निम्मे हप्ते बाकी, त्यात दवाखाना. कर्ज देताना मी हप्त्यांचा हिशेब चारदा तपासला होता, पण फरशी कुठली घालणार हे एकदाही विचारलं नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलंय.

फरशी आणायला बहुतेक घरात पुरुष माणसं जातात, बरोबर गवंडी असतो. पण अंगणात धुणं, भांडी, वाळवण, पाण्याच्या घागरी, सगळा राबता आपला. म्हणून दुकानात तुम्ही स्वतः जा. आणि दगडाची जात ओळखायला शिका, ते अवघड नाही.

तुमच्या घरचा पाटा आठवा. रोज त्यावर चिंचेची, लिंबाची चटणी वाटली तरी त्याला काही होत नाही. तो आपला काळा दगड, बेसाल्ट. लाव्हारस थंड होऊन घट्ट झालेला. आपले गड, घाट, जुनी देवळं याचीच. आता लिंबाची फोड शहाबादी फरशीवर पिळून बघा. बारीक बुडबुडे येतील आणि पांढरट डाग उरेल. कारण शहाबादी हा चुनखडीचा दगड. पाण्याखाली थरावर थर साचून झालेला, म्हणून त्याच्या सपाट लाद्या सहज निघतात आणि स्वस्त पडतात. कर्नाटकातला शहाबादी, तेलंगणातला तांदूर, आंध्रातला कडप्पा, राजस्थानातला कोटा, ही सगळी चुनखडीचीच भावंडं. अंगणाला ती चालतात, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शहाबादीच आहे. पण संडास धुवायचं अ‍ॅसिड त्यावर ओतू नका. डाग जाईल म्हणून ओतलं, तर वरचा थरच खरवडला जातो.

कडप्पा काळाभोर आणि देखणा दिसतो. त्यावर वाळवण लवकर वाळतं खरं, पण मे महिन्यात दुपारी पायाला असे चटके बसतात की पोरं उड्या मारत घरात येतात. फिकट तांदूर त्या मानाने कमी तापतो. कोकणातल्या मैत्रिणींकडे जांभा आहे. भिंतीला तो उत्तम, पण पाणी धरून ठेवतो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं, तेव्हा चालायच्या वाटेवर जपून.

दगड कुठलाही घ्या, त्याचा वरचा अंग खरखरीत हवा. दुकानात लादी आडवी ठेवायला सांगा, वर तांब्याभर पाणी ओता, चप्पल काढा आणि ओल्या लादीवर पाय घासून बघा. दुकानदार हसला तर हसू दे. मग लादी उचलून धरायला सांगून तिच्यावर हातोडीने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते. कडेला पापुद्रे सुटताना दिसले तर तो माल नको. जाडी एक ते दीड इंच हवी. ट्रॅक्टर अंगणात येत असेल तर याहून जाड लादी आणि खाली काँक्रीट.

आता हिशेब. 12 फूट बाय 15 फूट अंगण म्हणजे 180 चौरस फूट. तुटफूट आणि कडेचे तुकडे धरून 200 चौरस फूट माल धरा. एक इंच जाडीची एक चौरस फूट फरशी साधारण सहा किलो भरते, म्हणजे दोन बाय दोनची लादी चोवीस-पंचवीस किलो. माल उतरवायची हमाली दरात धरली आहे का, टेम्पोचं भाडं कुणाकडे, हे आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. गटाचं कर्ज असेल तर पावती लागतेच.

दगड चांगला असूनही फरशी उखडते, ती बहुधा खालच्या मातीमुळे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून टाका, चार इंच मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करून घ्या. 180 चौरस फुटांना 60 घनफूट मुरूम लागतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मुरूम दबून बसतो म्हणून पाऊण ब्रासच्या पुढे थोडा जास्तच मागवा.

उतार भिंतीपासून बाहेर, दहा फुटांना दोन इंच. सांधे भरायच्या आधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. डबकं झालं तर त्याच वेळी लादी उचलून परत बसवायला लावा, नंतर गवंडी हाती लागत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी सोडा. अख्खं अंगण बुजवू नये असं माझं मत. सांधे भरल्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि तोवर जनावर बाहेर बांधायचं.

ज्यांच्याकडे गुळगुळीत फरशी आधीच बसली आहे, त्यांनीही उखडायची घाई करू नये. जात्याला टाकी लावतात तशी दगडी फरशीलाही लावता येते. फक्त लादी पातळ नको, नाहीतर फुटेल. दगड फोडताना धूळ उडते, तेव्हा पाणी मारत काम करायला सांगा आणि कारागिराला तोंडाला फडकं बांधायला लावा. त्या ताईंनी सगळं अंगण केलं नाही. उंबऱ्यापासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत तीन फुटांचा पट्टा तेवढा टाकी लावून घेतला. सासूबाई आता काठी घेऊन त्याच पट्ट्यावरून जातात-येतात.