उंबरठ्यावरून परतलेली माणसे

तरावीहची नमाज आटोपून माणसे मशिदीबाहेर येतात आणि चपला घालता घालता दोन शब्द बोलतात. मागच्या रमजानमध्ये शेजारी उभा असलेला एखादा यंदा नसतो. त्याची आठवण निघते आणि पाठोपाठ जुनाच प्रश्न येतो. मृत्यूनंतर माणसाचे काय होते? तिथून कुणी परत आले आहे का?

‘परत आलो’ असे सांगणारी माणसे आहेत. अमेरिकेतील डॉ. रेमंड मूडी यांनी १९७५ साली ‘लाइफ आफ्टर लाइफ’ या पुस्तकात अशांचे अनुभव एकत्र केले. स्वतःचे शरीर वरून दिसणे, अंधारा बोगदा, पलीकडे प्रेमळ प्रकाश आणि सगळे आयुष्य डोळ्यांपुढून सरकणे, असे ते अनुभव होते.

पुढे डॉक्टरांनी याचा शिस्तीने अभ्यास केला. नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६२ जणांनी असे काही आठवत असल्याचे सांगितले. उरलेल्या २८२ जणांना काहीच आठवत नव्हते. डॉ. सॅम पार्निया यांच्या पथकाने तर रुग्णालयांत छताजवळ, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. एका रुग्णाने आपल्यावर झालेल्या उपचारांचे वर्णन बरोबर केले होते, पण त्याच्या खोलीत चित्रच नव्हते. मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने असे भास होतात, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. थोडक्यात, निकाल लागलेला नाही.

आपल्याकडचे अनुभव आणखी वेगळे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातील १६ घटना मांडल्या. इथे बोगद्याऐवजी न्यायला आलेले दूत भेटतात. वही उघडून बसलेला कुणी नाव तपासतो, ‘चुकीच्या माणसाला आणले’ म्हणतो आणि परत पाठवतो. हिंदू घरात वाढलेल्याला ही वही लगेच ओळखू येईल, ती चित्रगुप्ताची. मुसलमानाला किरामन कातिबीन, म्हणजे माणसाची बरी-वाईट कर्मे लिहिणारे दोन फरिश्ते आठवतील. मात्र इस्लामच्या श्रद्धेनुसार मृत्यूची घटका ठरलेली असते, त्यात चूक होत नाही.

मग परतलेल्यांनी पाहिले ते काय? मृत्यू आणि कयामत यांच्यामध्ये ‘बरजख’ म्हणजे आडपडदा आहे, असे कुरआन सांगते. जो परत आला, तो पडद्यापलीकडे गेलाच नव्हता. तो उंबरठ्यापर्यंत पोहोचला इतकेच. त्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही, तसेच त्याच्या अनुभवावर आखिरतचा विश्वास उभा करण्याचीही गरज नाही. रूहबद्दल माणसाला फार थोडे ज्ञान दिले आहे, हेही कुरआननेच सांगितले आहे. आणि आजारातून उठलेल्या एखाद्या आईला काहीच दिसले नसेल, तर तिच्या श्रद्धेत काही उणे होते, असे घरच्यांनी मुळीच समजू नये.

व्हॅन लोमेल यांनी हे अनुभव आलेल्यांची दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा भेट घेतली. त्यांची मृत्यूची भीती कमी झाली होती आणि इतरांविषयीची आपुलकी वाढली होती. आयुष्याचा हिशेब समोर दिसला की माणूस बदलतो. रमजान हेच करायला सांगतो, तेही मरणाच्या दारात न जाता. तुमचा हिशेब घेतला जाण्याआधी तुम्हीच तो घ्या, ही शिकवण हजरत उमर (र.) यांच्या नावाने सांगितली जाते.

जनाज्याच्या नमाजीआधी अनेक ठिकाणी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की, यांच्याकडे कुणाचे देणे राहिले असेल तर आम्हाला सांगा, कुणाचे मन दुखावले असेल तर माफ करा. वारसांच्या वाटणीआधी मयताचे कर्ज फेडणे बंधनकारक आहे. पलीकडे काय आहे, हे प्रत्येकाला एक दिवस कळणारच आहे. पण जे दुसऱ्याने आपल्या मागे सांगायचे, ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या पायांनी त्या घरापर्यंत चालत जाऊन सांगण्याची सवड अजून आहे. ईद यायच्या आत तेवढे केले, तरी रोजे सार्थकी लागले म्हणायचे.