युद्धनौका तोफांनी ठरत नाही

लांजा तालुका समुद्रापासून आत आहे, तरी मुचकुंदीच्या खाडीने साटवलीपर्यंत एके काळी गलबते येत. त्या काळी चाच्यांच्या धास्तीने व्यापारी गलबतांवरही तोफा असत आणि आरमारातही गलबते असत. मग व्यापाऱ्याचे कोणते, आरमाराचे कोणते? निशाण कोणाचे आणि हुकूम कोणाचा, यावरून ते ठरे. आजच्या युद्धनौकेच्या कमिशनिंगचे, म्हणजे तिला नौदलात विधिवत दाखल करण्याच्या सोहळ्याचे, मर्मही हेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारातील २९वे कलम युद्धनौकेची व्याख्या करते, पण त्यात शस्त्रांचा उल्लेखच नाही. नौका देशाच्या सशस्त्र दलाची हवी, तिच्यावर ओळखीची बाह्य खूण हवी, सरकारने नेमलेला अधिकारी तिचा प्रमुख हवा आणि खलाशी लष्करी शिस्तीखालचे हवेत, असे ते सांगते.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस मोरमुगाव’ घ्या. तिचे जलावतरण १७ सप्टेंबर २०१६ रोजी झाले. आपल्याकडे जलावतरणाला नारळ वाढवतात आणि नौका पाण्यात सोडण्याचा मान परंपरेने एखाद्या स्त्रीकडे असतो. इथे तो तेव्हाच्या नौदलप्रमुखांच्या पत्नी रीना लांबा यांना मिळाला. पण पाण्यात उतरलेली ही १६३ मीटर लांबीची नौका तेव्हा कारखान्याचे अपुरे कामच होती. यंत्रे, शस्त्रे आणि चाचण्या पुऱ्या होऊन ती नौदलाच्या ताब्यात आली २४ नोव्हेंबर २०२२ला, आणि कमिशनिंग झाले १८ डिसेंबरला, मुंबईच्या नौदल गोदीत. अशा सोहळ्यात कमांडिंग ऑफिसर अधिकारपत्र वाचून दाखवतो, राष्ट्रगीताच्या सुरात नौदलाचे निशाण पहिल्यांदा चढते आणि डोलकाठीच्या टोकाला लांबट, निमुळती कमिशनिंग पताका उलगडते. नौका निवृत्त होईपर्यंत ही पताका तिच्यावर राहते. अधिकारपत्र, निशाण आणि समोर शिस्तीत उभे खलाशी म्हणजे त्या कलमातल्या अटीच डोळ्यांसमोर मांडलेल्या असतात.

ताबा कागदावर झालाच होता, मग हा थाट कशाला, असे कोणी विचारील. मंडप, बँड आणि भाषणे वगळली तर कायद्याचे काही अडणार नाही, हे मान्यच. मात्र ताब्याचा कागद गोदी आणि नौदल या दोघांमधला असतो. युद्धनौकेची ओळख तिसऱ्याला, म्हणजे समुद्रात भेटणाऱ्या परक्या नौकेला पटावी लागते. शिवाय तिच्या प्रत्येक कृतीची जबाबदारी सरकारवर येते. ती कोणाच्या शिरावर, हे चारचौघांत सांगितलेले बरे. दुसरा आक्षेप असा, की हे सारे इंग्रजांचे उष्टे आहे. पद्धत पुष्कळशी तिकडूनच आली, हे खरे. पण २ सप्टेंबर २०२२ला निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रूस, ही इंग्रजांची खूण, गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ‘मोरमुगाव’वर पहिल्यांदा चढले ते हेच नवे निशाण. चिन्ह बदलले, तरी निशाण चढवण्याचा विधी राहिला, कारण ज्या गरजेतून तो आला ती इंग्रजांपुरती नव्हती. शस्त्र बाळगणाऱ्या नौकेचा धनी कोण, हे उघड असावे, ही गरज ज्याच्याकडे आरमार आहे त्या प्रत्येक राज्याची आहे.