मातीचे उष्णतामान आणि घरबागेतील वसंतपेरणी

समशीतोष्ण कटिबंधात घरापुरती बाग करणाऱ्या गृहस्थाचे वर्ष फेब्रुवारी महिन्यात सुरू होते. बाहेर वाफ्यांवर बर्फ असते, माती गोठलेली असते. परंतु बियाण्यांची पाकिटे घरात येऊन पडलेली असतात आणि दिवस हळूहळू मोठा होऊ लागलेला असतो. अशातच एखादा आठवडा उबदार जातो आणि पेरणीची घाई होते. या घाईपायी दरवर्षी पुष्कळ बी वाया जाते. बी उगवले नाही की दोष बियाण्याला, क्वचित विक्रेत्याला दिला जातो. वास्तविक बी बहुधा निर्दोष असते. ज्या मातीत ते पडले त्या मातीचे उष्णतामान त्याला अनुकूल नसते, एवढेच. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातील घरबागेचे उदाहरण घेऊन हिवाळ्याच्या अखेरीस करावयाच्या तयारीमागील वनस्पतिशास्त्रीय कारणे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. तुहिनाची तारीख

भूपृष्ठालगतचे उष्णतामान शून्य अंशाखाली गेले म्हणजे पानांवर बर्फाचे बारीक कण जमतात. यास तुहिन असे म्हणतात. वसंत ऋतूतील शेवटचे तुहिन आणि शरद ऋतूतील पहिले तुहिन यांच्यामधील काळ हाच कोवळ्या पिकांचा खरा हंगाम होय. न्यू इंग्लंडच्या अंतर्भागात हा काळ ढोबळमानाने चार ते पाच महिन्यांचा असतो. टोमॅटोची लागवड झाल्यापासून फळ पिकेपर्यंत दोन ते अडीच महिने लागतात. तेव्हा पहिली पेरणी फुकट जाऊन तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बी टाकावे लागले, तर हंगामाचा मोठा भाग हातचा जातो. घरबागेतील पेरणीचा प्रश्न केवळ हौसेचा नाही, तो या मर्यादेमुळे.

शेवटच्या तुहिनाची म्हणून जी तारीख दिली जाते ती सरासरीची तारीख असते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. सरासरी तारीख १० मे असेल, तर सुमारे निम्म्या वर्षांत तुहिन त्यानंतरही पडते. शिवाय वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, छायेत ठेवलेला असतो. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे वेगाने उत्सर्जित करते आणि भूपृष्ठालगतची हवा वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणून तापमापक दोन अंश दाखवीत असतानाही वाफ्यातील रोप गोठू शकते. एकाच राज्यात अंतरही पुष्कळ पडते. मॅसॅच्युसेट्समध्ये बोस्टनच्या किनाऱ्यालगत एप्रिलमध्येच तुहिनाचा धोका बराच ओसरतो. पश्चिमेकडील डोंगराळ भागात तो मेच्या उत्तरार्धापर्यंत टिकतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला आणि २०२३ मध्ये सुधारलेला वनस्पति-काटकता विभागांचा नकाशा या कामी वापरण्याची प्रथा आहे. परंतु त्यात गैरसमज आहे. तो नकाशा वर्षातील नीचतम उष्णतामानाच्या तीस वर्षांच्या सरासरीवर आधारलेला आहे. बहुवर्षायू झाड हिवाळ्यात तगेल की नाही, हे तो सांगतो; शेवटचे तुहिन केव्हा पडेल, हे सांगत नाही. २०२३ च्या आवृत्तीत देशाचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या विभागाने अधिक उष्ण गटात गेला, म्हणून पेरणीही तितकीच अलीकडे आणावी, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. २०१२ साली मार्च महिना असाधारण उबदार गेला. मिशिगन राज्यातील सफरचंदांची झाडे वेळेआधी फुलली आणि एप्रिलमधील तुहिनांनी त्या वर्षीचे सुमारे ९० टक्के पीक नष्ट केले. आरंभीची ऊब म्हणजे धोका टळल्याची खूण नव्हे, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

२. बी आणि उष्णतेचा हिशेब

तुहिन रोपाला मारते. बियाचा प्रश्न निराळा आहे. हिवाळ्यात मटकीला मोड यावयास उन्हाळ्यापेक्षा अधिक वेळ लागतो, हा घरोघरचा अनुभव आहे. या अनुभवाला संख्येचे रूप देता येते. वनस्पतीची वाढ रोजच्या उष्णतेच्या बेरजेवर अवलंबून असते, अशी कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ मध्ये मांडली. तिचे आजचे रूप असे : प्रत्येक जातीच्या बियाला एक किमान उष्णतामान असते व त्याखाली अंकुरण होत नाही. त्याच्या वर जितके अंश असतील त्यांना दिवसांनी गुणिले असता येणारा गुणाकार त्या जातीपुरता जवळपास स्थिर राहतो. या गुणाकाराला अंश-दिन असे म्हणता येईल.

भाजीपाल्याच्या बियांचे अंकुरण निरनिराळ्या उष्णतामानांत किती दिवसांत होते, याची मोजमापे कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केली. त्यांनुसार टोमॅटोचे बी १० अंश सेल्सिअसला ४३ दिवसांनी, १५ अंशांना १४, २० अंशांना ८ आणि २५ अंशांना ६ दिवसांनी उगवते. टोमॅटोचे किमान उष्णतामान ८ अंश धरल्यास गुणाकार अनुक्रमे ८६, ९८, ९६ आणि १०२ असे येतात. पहिली संख्या किंचित कमी पडते, कारण किमान मर्यादेजवळ हा नियम तितका काटेकोर राहत नाही. तरीही शंभर अंश-दिनांचा ठोकताळा व्यवहारास पुरेसा आहे. वाटाण्याचे बी ५ अंशांना ३६ दिवसांनी, १० अंशांना १४ आणि १५ अंशांना ९ दिवसांनी उगवते. त्याचे किमान उष्णतामान २ अंश धरिले असता गुणाकार १०८, ११२ आणि ११७ येतात. २० अंशांच्या पुढे मात्र वाटाण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. थंड ऋतूच्या पिकाचे ते लक्षण आहे.

या दोन उदाहरणांतील फरक लक्षणीय आहे. एप्रिलमधील एखाद्या दिवशी वाफ्यातील माती ८ अंशांवर असेल, तर त्यात टाकलेला वाटाणा सुमारे अठरा दिवसांनी वर येईल. त्याच वाफ्यातील टोमॅटोचे बी मात्र कितीही दिवस ठेवले तरी जागचे हलणार नाही. मेमध्ये माती १२ अंशांवर आली म्हणजे टोमॅटोला पंचवीस दिवस लागतील. घरात २४ अंशांना तेच काम सहा दिवसांत होईल. घरात रोप तयार करून मग बाहेर लावण्याच्या पद्धतीचे समर्थन या साध्या भागाकारात आहे. पालक, कांदा, लेट्यूस ही पिके वाटाण्याच्या बाजूची. घेवडा, काकडी, भोपळा, वांगे, मिरची ही टोमॅटोच्याही पलीकडची असून त्यांना सुमारे १५ अंशांखाली पेरण्यात अर्थ नसतो. अमेरिकेच्या या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घरामागील वाफ्यांत मेथी आणि दुधी दोन्ही लावतात. मेथी थंड मातीत निभावते. दुधीचे बी घरातच रुजवावे लागते. कारण हेच.

३. थंड मातीतील हानी

थंड मातीत बी केवळ थांबून राहिले असते, तर नुकसान वेळेपुरतेच झाले असते. परंतु तसे होत नाही. कोरड्या बियातील पेशींची पटले विस्कळीत अवस्थेत असतात. पाणी आत शिरले की ती पूर्ववत सलग होतात; मात्र तोपर्यंत पेशींतील शर्करा, अमिनो अम्ले व क्षार बाहेर झिरपत राहतात. घेवडा व मका यांच्या बाबतीत पाणी शोषण्याच्या पहिल्या काही तासांत थंडी लागल्यास पटलांची ही दुरुस्ती रखडते आणि झिरपा वाढतो. हा झिरपा मातीतील पिथियमसारख्या कवकसदृश जीवांना आयतेच अन्न पुरवितो व बी कुजते. पुढे माती तापली तरी अशा बियाला उपयोग नसतो. म्हणूनच पेरणीनंतरचे पहिले दोन दिवस उबदार असणे हे त्यानंतरच्या दोन आठवड्यांइतके महत्त्वाचे ठरते.

जुने बी प्रथमपासूनच दुर्बल असते. कांद्याच्या बियाची उगवणशक्ती एक-दोन वर्षांत झपाट्याने घटते. टोमॅटो व काकडी यांचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकते. हिवाळ्यात हाती वेळ असतो, तेव्हा शिल्लक बियांपैकी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवावेत व किती रुजले ते मोजावे. वीसपैकी दहाच रुजले, तर बी दुप्पट दाट टाकावे किंवा नवे आणावे.

४. मातीचा वापसा

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत वापसा हा एक नेमका शब्द आहे. माती न चिकटता व ढेकळे न पडता मोकळी होते अशी ओलाव्याची अवस्था म्हणजे वापसा. बर्फ वितळल्यानंतरच्या वाफ्याला हीच कसोटी लागू पडते. मूठभर माती दाबून बोटाने टोकरावी. गोळा भुगा होऊन फुटला तर वापसा आला, चिकट राहिला तर नाही. वापसा नसताना खणलेल्या मातीतील कणसमूह मोडतात, हवेच्या पोकळ्या बुजतात आणि तिची घट्ट ढेकळे बनतात. हा दोष पुढे संपूर्ण हंगामभर भोवतो.

वापसा आणि उष्णतामान यांचा संबंधही जवळचा आहे. वजनास वजन घेतल्यास पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या खनिज मातीच्या सुमारे पाचपट असते. त्यामुळे चिबड माती तापविण्यास अधिक उष्णता लागते. त्यातही काही उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडते. निचरा झालेली माती लवकर तापते ती याच कारणाने. गादीवाफा आणि पृष्ठभागावरील काळे आच्छादन या उपायांचे मर्म येथे आहे. मातीचे उष्णतामान पाच सेंटिमीटर खोलीवर, सकाळच्या वेळी, लागोपाठ चार-पाच दिवस मोजावे. दुपारचे एकच मोजमाप हमखास दिशाभूल करते.

५. घरातील रोपे

घरातील उबेत अंकुरण सोपे असते. अडचण त्यानंतर सुरू होते. खिडकीतील हिवाळी प्रकाश रोपाला पुरत नाही. प्रकाश अपुरा पडला की खोड लांबते, पाने लहान व फिकट राहतात. बॉर्थविक, हेन्ड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगांत असे दाखविले की, लेट्यूसचे बी तांबड्या प्रकाशाने रुजते आणि दूर-तांबड्या प्रकाशाने पुन्हा निद्रिस्त होते. या शोधातून पुढे फायटोक्रोम हे रंगद्रव्य हाती लागले. खोडाच्या लांबण्यावरही त्याचे नियंत्रण असते. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, लेट्यूसचे बी खोल पुरू नये आणि रोपांवर दिवसाचे चौदा ते सोळा तास दिव्याचा प्रकाश जवळून पाडावा.

रोपे फार लवकर तयार केल्याने लाभ होत नाही. टोमॅटोच्या रोपाला सहा ते आठ आठवडे पुरतात. शेवटच्या तुहिनाची सरासरी तारीख १० मे आणि लागवड त्यानंतर दोन आठवड्यांनी, २४ मे रोजी, असे धरल्यास बी टाकण्याचा काळ २९ मार्च ते १२ एप्रिल असा येतो. फेब्रुवारीत टाकलेले बी मेपर्यंत लांबट, मुळे गुंतलेली आणि खुरटलेली रोपे देते. कांद्याची रोपे मात्र दहा ते बारा आठवडे घेतात व थंडीही सोसतात. ती एप्रिलअखेर बाहेर न्यावयाची असल्यास बी फेब्रुवारीच्या पूर्वार्धातच पडले पाहिजे. हिवाळ्याच्या अखेरीस एका पिकाला उशीर होत असतो आणि दुसऱ्याला अजून महिनाभर थांबावयाचे असते. सर्व पाकिटे एकाच रविवारी फोडणे म्हणजे यांपैकी काहींचे नुकसान निश्चित करणे होय.

घरात वाढलेल्या पानांची उपत्वचा पातळ असते. बाहेरील वारा व ऊन लागताच बाष्पोच्छ्वास मुळांच्या शोषणशक्तीपलीकडे जातो आणि पाने करपतात. सात ते दहा दिवस रोपे थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून काटक केल्यास उपत्वचा जाड होते व खोडही बळकट बनते.

६. दख्खनमधील प्रतिरूप

महाराष्ट्रात बर्फ नसले, तरी किमान उष्णतामानाचा नियम येथेही लागू आहे. दख्खनच्या पठारावर जानेवारीत रात्रीचे उष्णतामान १० अंशांखाली जाते. निफाडच्या परिसरात ते काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरते. उन्हाळी काकडी, दोडका, कारले, भोपळा यांची पेरणी जानेवारी-फेब्रुवारीत येते. या वेळी बी भिजवून, फडक्यात बांधून उबेला ठेवून, मोड आल्यावर लावण्याची रीत रूढ आहे. न्यू इंग्लंडमधील गृहस्थ घरातील तापलेल्या खोलीचा जो उपयोग करतो, तोच येथे उबदार कोपऱ्याचा केला जातो. भेद आहे तो हंगामाच्या दुसऱ्या टोकाला. तेथे उशीर झाला तर शरदातील तुहिन गाठते. येथे उशीर झाला तर एप्रिल-मेचा उन्हाळा गाठतो आणि टोमॅटोसारख्या पिकात फुले गळून फळधारणा घटते.

हवामान बदलत असताना पूर्वजांच्या तारखांवर विसंबणे दिवसेंदिवस अवघड होत आहे आणि एखाद्या उबदार आठवड्यावर विसंबणे त्याहूनही धोक्याचे आहे. मातीत खुपसलेला तापमापक, मुठीत दाबलेली माती आणि ओल्या फडक्यातील वीस दाणे ही तीन साधने कोणत्याही घरी उपलब्ध होऊ शकतात. त्यांच्या आधारे प्रत्येक पिकाची वेळ स्वतंत्रपणे ठरविता येते. हिवाळ्याच्या अखेरीस घरबागेची जी तयारी करावयाची, तिचा मोठा भाग खणण्यापेक्षा मोजण्याचा आणि थांबण्याचा आहे.