इंधनटंचाईची पूर्वतयारी आणि शेती

पहिली पेरणी वाया गेल्यास दुबार पेरणीकरिता बी राखून ठेवणारा शेतकरी दूरदर्शी समजला जातो. राष्ट्रालाही इंधनाच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवावी लागते. भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. समुद्रापलीकडील युद्धाने ही आवक खुंटली, तर त्याची झळ विहिरीवरील तेलपंपास, ट्रॅक्टरला व माल बाजारात नेणाऱ्या मालमोटारीस लागते.

१९७३ सालचा धडा

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध सुरू झाल्यावर अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी उत्पादन घटविले. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरांच्या वर गेला. १९७४ मध्येच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. सभासद राष्ट्रांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बाळगावा, असा तिचा दंडक आहे.

खडकातील पेवे

भारताने ह्या कामासाठी २००४ मध्ये एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे जमिनीखाली खडक कोरून तेलाची कोठारे बांधली. त्यांत अनुक्रमे १३.३ लाख, १५ लाख व २५ लाख, म्हणजे एकूण ५३.३ लाख टन तेल मावते.

ह्या कोठारांची रचना विहिरी खणणाऱ्यास सहज उमजेल. ती भूजलाच्या पातळीखाली असतात. खडकाच्या भेगांतील पाण्याचा दाब सर्व बाजूंनी आत येतो. त्यामुळे तेल बाहेर झिरपू शकत नाही. हा दाब टिकावा म्हणून वरच्या बाजूस बोगदे व छिद्रे पाडून त्यांत पाणी भरलेले ठेवतात. आत झिरपलेले पाणी जड असल्याने तळाशी साचते व ते पंपाने उपसून काढले जाते.

साठा किती पुरेल?

२०१९-२० सालचा खप धरल्यास ही तिन्ही कोठारे पूर्ण भरलेली असताना देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेलकंपन्यांकडील ६४.५ दिवसांची साठवणक्षमता मिळविल्यास हा आकडा ७४ दिवसांवर जातो. २०२१ मध्ये चंडीखोल व पादूर येथे मिळून आणखी ६५ लाख टनांच्या कोठारांस मंजुरी देण्यात आली.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पेवातील धान्य दळल्यावाचून भाकरी होत नाही. त्याचप्रमाणे कोठारातील कच्चे तेल शुद्धीकरण कारखान्यात जाऊन, डिझेल होऊन, गावापर्यंत यावे लागते. त्यास वेळ लागतो; पेरणीची वापसा मात्र कोणासाठी थांबत नाही. टंचाईत पुरवठा व वाटप ह्यांचे नियमन करण्याचा अधिकार शासनास जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये आहे. परंतु गावाची खरी गरज ठाऊक असल्याखेरीज कोणतेही वाटप न्याय्य होणे कठीण.

गावाने करावयाची तयारी

१. गावातील तेलपंप, ट्रॅक्टर व मळणीयंत्रे ह्यांची नोंद करून पेरणी, पाणीपाळी व मळणी ह्या काळांतील डिझेलची गरज वेगवेगळी लिहून ठेवावी.

२. टंचाईत प्रथम कोणते काम व्हावे, हे ग्रामसभेत आधीच ठरवावे. पिण्याचे पाणी, रुग्णांची ने-आण व हातचे पीक वाचविणे ह्यांस अग्रक्रम असावा.

३. पंपास योग्य मापाची नळी बसवावी, अनावश्यक वळणे टाळावीत व हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. तेवढ्याच पाण्यास मग कमी डिझेल लागते.

४. बैलजोड्या व अवजारे असणाऱ्यांनी ती मोडीत काढू नयेत.

५. अफवेपोटी घरात इंधन साठवू नये. पेट्रोलची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. शिवाय एकाने भरलेले पिंप म्हणजे दुसऱ्याची रिकामी टाकी होय.

राष्ट्राचा साठा काही आठवड्यांची सवड मिळवून देतो. त्या सवडीत कोणाचे पीक वाचेल, हे गावाने आधी केलेल्या नोंदीवर व एकजुटीवर अवलंबून राहील.