‘ए’, ‘अॅन’, ‘द’ : लहान शब्द, मोठा अर्थ

इंग्रजीत नामाआधी येणाऱ्या ‘ए’, ‘अॅन’ आणि ‘द’ या शब्दांना उपपदे म्हणतात. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे आपले विद्यार्थी एक तर ती गाळतात, नाही तर प्रत्येक नामाआधी ‘द’ लावून मोकळे होतात. तथापि उपपदांमागील विचार मराठीला परका नाही. ‘आम्ही शिक्षक शोधत आहोत’ म्हणजे कोणीही पात्र शिक्षक चालेल. ‘आम्ही शिक्षकाला शोधत आहोत’ म्हणजे बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला ठाऊक असलेला एक ठरावीक शिक्षक. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘ए टीचर’ येईल, दुसऱ्यात ‘द टीचर’.

याचे उत्तम धडे बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या नावांतच आहेत. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या नावात ‘द’ का? विशेषनामाआधी सहसा उपपद येत नाही. म्हणून ‘सिद्धार्थ’ला ‘द’ लागत नाही. पण ‘बुद्ध’ हे जन्मनाव नव्हे, ती प्राप्त केलेली अवस्था आहे. ‘ए बुद्धा’ म्हणजे कोणी एक बुद्ध. ‘द बुद्धा’ म्हणजे ज्यांना आपण सारे बुद्ध म्हणून ओळखतो, तेच. ‘गौतम बुद्ध’ असे जोडून लिहिले, की ते विशेषनामासारखे चालते आणि ‘द’ गळतो.

याउलट ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न शकलेले हे भाषण बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतःच छापले. नावातील ‘कास्ट’आधी एकही उपपद नाही. ‘ऑफ ए कास्ट’ असते, तर कोणत्या तरी एका जातीचा उच्छेद असा अर्थ झाला असता. ‘ऑफ द कास्ट’ असते, तर वाचकाने विचारले असते, ‘कोणत्या जातीचा?’ उपपद नाही म्हणूनच लक्ष्य एखादी जात नसून जात ही संपूर्ण व्यवस्था आहे, हे कळते. उपपद न लावणे हाही अर्थच आहे. विद्यार्थ्यांच्या हे लवकर ध्यानात येत नाही. 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये मात्र ‘द रुपी’ म्हणजे खिशातला एखादा रुपया नव्हे, तर रुपया हे चलन.

निवासी शाळेतील पालकांना जवळचे उदाहरण सांगतो. मूल शिकायला जाते ते ‘टु स्कूल’. पालक सभेसाठी कळंबोलीला येतात ते ‘टु द स्कूल’, कारण ते शिकायला नव्हे, त्या ठरावीक वास्तूत येतात.

‘ए’ की ‘अॅन’, हा प्रश्न तुलनेने सोपा. पुष्कळजण स्पेलिंगचे पहिले अक्षर पाहतात आणि फसतात. शब्द देवनागरीत लिहून पाहावा. आपली लिपी उच्चार दाखवते. ‘युनिव्हर्सिटी’ य या व्यंजनाने सुरू होते, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’. ‘आवर’, म्हणजे तास, स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अॅन आवर’. नोकरीच्या अर्जात ‘ए बी.ए.’ बरोबर, पण पुढे शिकून एम.ए. झालेल्याने ‘अॅन एम.ए.’ असे लिहावे.