बिऱ्हाड हलवा, पण कडी लावा!

मैत्रिणींनो, लेक लातूरला क्लाससाठी आणि आपण नांदेडला. मग तिची खोली, तिचे मार्क, तिचा फोटो, सारं फोनवरच, नाही का? जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा कितीतरी जणांनी धास्तावून ‘सिग्नल’ची वाट धरली. खरं तर आपापसांतला मजकूर दोन्हीकडे कुलूपबंदच असतो. पण कोण कुणाशी केव्हा बोललं, अशा नोंदी सिग्नल फारच थोड्या ठेवतं.

‘मॅस्टोडॉन’ची तऱ्हा निराळी. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेला एकच मालक नाही. वेगवेगळ्या मालकांचे वाडे असावेत, पण एकमेकांकडे जाणं-येणं असावं, तसे हे अनेक सर्व्हर! एक पटला नाही, तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं. आपल्याला फॉलो करणारी मंडळी सोबत येतात. जुना मजकूर मात्र मागेच राहतो. आणि बरं का, तिथल्या खासगी चिठ्ठ्या सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात!

तेव्हा बिऱ्हाड कुठेही थाटा; लेकीच्या खोलीचा पत्ता नि हॉलतिकीट चारचौघांत टाकू नका. फोटो टाकण्याआधी तिलाच विचारा. घर बदललं, तरी कडी आपणच लावायची असते!